कमरेला पिस्तूल, मागे लाल-निळे दिवे

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. स्ट्रिप मॉलमध्ये आमचं छोटं देशी किराणा दुकान आहे. गेल्या ऑक्टोबरात रात्री दुकान बंद करायच्या वेळेला दोघं जण आत शिरले आणि नवऱ्याच्या कपाळाला पिस्तूल लावून गल्ला रिकामा करून गेले. त्यानंतर नवऱ्याने पिस्तूल घेतलं, रीतसर लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून ते उघडपणे त्याच्या कमरेला असतं. दुकानात, बँकेत, गॅस भरताना, सगळीकडे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि कायद्याने त्याला परवानगी आहे, हे मला माहीत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री घरी येताना गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलिसांनी थांबवलं. सासरे पुढे, मी आणि अकरा वर्षांची लेक मागे. ऑफिसर खिडकीशी आला, त्याची नजर नवऱ्याच्या कमरेवर गेली आणि हात स्वतःच्या पिस्तुलावर. खट् असा आवाज आला. नवरा "इट्स लीगल, इट्स लीगल" म्हणत एका कुशीवर झाला आणि पाकीट काढायला मागे हात नेला. ऑफिसर जोरात ओरडला. शेवटी ताकीद देऊन सोडलं. नवरा म्हणतो, "काही झालं का? नाही ना? मग विषय संपला." लेक आता त्याच्या गाडीत बसायला नको म्हणते. सासरे टुरिस्ट व्हिसावर नगरहून आलेत, त्यांना या सगळ्याचं भारी कौतुक. पिस्तूल हातात धरून काढलेला फोटो त्यांनी गावच्या ग्रुपवर टाकलाय. मी उगाच घाबरते आहे का? आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. तुमच्या पत्रातला तो "खट्" वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. झटापटीत कुणी पिस्तूल हिसकावू नये म्हणून पोलिसांच्या होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, एक-दोन खटके असतात. अंगठ्याने खटका दाबला की तसा आवाज येतो. म्हणजे पिस्तूल अजून जागेवरच असतं, पण ते बाहेर यायला फारसं काही आड उरलेलं नसतं. नेमक्या त्या क्षणी तुमच्या मिस्टरांचा उजवा हात पाठीमागे गेला. ऑफिसर ओरडला, हे चांगलं झालं. ओरडला म्हणजे त्याने अजून एक संधी दिली.

मी सोळा वर्षं इथे टेक्सासमध्ये एका फौजदारी वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल होते. मी वकील नाही, आणि तुमच्या घराला एका वकिलाची गरज आहे, त्याकडे पुढे येतेच. पण त्या सोळा वर्षांत पोलिसांच्या गाड्यांमधले व्हिडिओ पाहणं आणि त्यातला शब्द न् शब्द उतरवून काढणं हे माझं रोजचं काम होतं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. ऑफिसरचा आवाज चढतो तो माणूस उद्धट बोलला म्हणून क्वचित. बहुतेक वेळा माणसाचा हात दिसेनासा झाला की चढतो. शब्द उतरवताना मी नकळत हातच बघायला लागले होते.

आधी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलते, कारण ते चुकीचं काही बोलत नाहीत. टेक्सासमध्ये लायसन्स असलेल्याला पिस्तूल होल्स्टरमध्ये उघड बाळगायची मुभा १ जानेवारी २०१६ पासून आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला तर लायसन्सचीही गरज राहिली नाही. आणि ज्याच्या कपाळाला नळी लागली आहे, त्याला "कशाला ते हवंय" असं विचारणं सोपं आहे. मी ते विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. पिस्तूल असावं की नसावं हा तुमच्या पत्राचा प्रश्नच नाही. ते सगळ्यांना दिसत असताना पोलीस समोर आला तर काय, हा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो हे न्यायालय ठरवतं, आणि ते नंतर ठरवतं. ओहायोतल्या टोलेडो शहरात २०१० साली एक गृहस्थ बायकोबरोबर कुत्र्याला फिरवायला निघाले होते. कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल, तिथल्या कायद्याने पूर्ण चालणारं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी येऊन पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घातल्या आणि गाडीत बसवलं. गृहस्थ कोर्टात गेले. जिथे उघड पिस्तूल बाळगणं कायदेशीर आहे तिथे निव्वळ तेवढ्यावरून माणसाला अडकवून ठेवता येत नाही, असं फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. सांगितलं कधी? २०१५ साली. पाच वर्षांनी. शिवाय ते न्यायालय ओहायो आणि शेजारच्या राज्यांचं, टेक्सासचं नव्हे. आणि तुमच्या बाबतीत तर थांबवायला मागचा दिवा हे खरंखुरं कारण होतं. एकदा गाडी रीतसर थांबवली की ड्रायव्हरला खाली उतरायला सांगायचा अधिकार पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ पासून दिलेला आहे. समोरचा सशस्त्र आहे आणि त्याच्यापासून धोका असू शकतो असं वाटायला सबळ कारण असेल तर वरवर झडती घ्यायचा अधिकार १९६८ पासून आहे. म्हणून "इट्स लीगल" हे वाक्य खरं असूनही त्या खिडकीत त्याचा काही उपयोग नाही. ऑफिसर कायद्याचा विचारच करत नसतो. तो हात बघत असतो.

आता आपली एक सवय. पुण्यात सिग्नलला मामांनी हात केला की आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो, कागद हातात घेऊन लगबगीने त्यांच्याकडे जातो आणि "साहेब, काय झालं?" म्हणतो. ते आदराचं लक्षण आहे. गाडीत बसून राहिलो तर मामा म्हणतील, काय मिजास आहे. इथे सगळं उलटं. २००३ साली माझ्या नवऱ्याने हेच केलं. पावसाची रात्र होती. मागे दिवे लागले, त्याने गाडी कडेला घेतली आणि मी "अरे" म्हणेपर्यंत तो इन्शुरन्सचा कागद घेऊन उतरून मागे चालायला लागला. स्पॉटलाइटमध्ये त्याला काही दिसत नव्हतं, तरी तो हसत होता. पुढच्या क्षणी तो बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून उभा होता आणि इन्शुरन्सचा कागद गवतात भिजत पडला होता. त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं. साधी खिशातली किल्लीसुद्धा नव्हती, ती गाडीला लागलेली होती. आम्ही घरी पोचेपर्यंत एक शब्द बोललो नाही. तुमच्या मिस्टरांचं "विषय संपला" मला त्या शांततेसारखं वाटतं. ते घाबरलेले आहेत हो. तुमच्यासमोर आणि वडिलांसमोर ते त्यांना दाखवायचं नाहीये, एवढंच.

तर चपळाई, तत्परता, "घ्या साहेब, लगेच दाखवतो" हे आपले गुण त्या खिडकीत घातक ठरतात. मागे दिवे दिसले की इंडिकेटर लावा, वेग कमी करा, रस्त्याच्या उजव्या कडेला थांबा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. सगळ्या काचा खाली, गाडी बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं उघडी. आणि मग काही करू नका. काहीही नाही. कागद शोधू नका, सीटबेल्ट सोडू नका. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: पिस्तूल कमरेवरून काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायची घाई करू नका. पुष्कळ लोक हे करतात, चांगल्या हेतूने, "त्याला दिसायला नको" म्हणून. मागून येणाऱ्या ऑफिसरला मात्र एवढंच दिसतं की दिवे लागल्याबरोबर ड्रायव्हर खाली वाकला आणि काहीतरी हलवलं. पिस्तूल जिथे आहे तिथेच राहू द्या. टेक्सासमध्ये गाडीतही ते नजरेला पडत असेल तर होल्स्टरमध्येच असायला हवं, तेव्हा ते कुठे ठेवायचं हा निर्णय घरून निघतानाच झालेला असला पाहिजे.

ऑफिसर आला की पहिलं वाक्य ठरलेलं हवं, आणि ते "गन" या शब्दाने सुरू व्हायला नको. एका ऑफिसरने ऐकलेला "गन" दुसऱ्यापर्यंत ओरडूनच पोचतो. "गुड इव्हनिंग ऑफिसर. आय हॅव अ लायसन्स टु कॅरी, अँड आय ॲम कॅरिंग, ऑन माय राइट साइड. माय हँड्स आर ऑन द व्हील. हाऊ वुड यू लाइक मी टु प्रोसीड?" बस. यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, कारण त्याने पुढची हालचाल कुणाच्या सांगण्यावरून होणार हे ठरतं. टेक्सासमध्ये लायसन्सधारकाने पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पिस्तुलाचं लायसन्सही दाखवायचं असतं, त्यामुळे हे कधीतरी सांगायचंच आहे. मग आधी आणि शांतपणे सांगा. मिशिगनसारख्या राज्यात तर लपवून पिस्तूल बाळगणाऱ्याने विचारायची वाट न बघता लगेच सांगावं लागतं. आणि इलिनॉयमध्ये उघड पिस्तूल मुळात चालतच नाही, तेव्हा शिकागोच्या नातेवाइकांकडे गाडीने निघाल तर टेक्सासचा कायदा बरोबर येत नाही.

ऑफिसर म्हणाला "पिस्तूल मी घेतो", तर त्यालाच घेऊ द्या. काढून त्याच्या हातात देऊ नका, कितीही सौजन्याने द्यावंसं वाटलं तरी. पिस्तुलाला तुमच्या मिस्टरांचा हात लागता कामा नये.

आणि पाकीट. तुम्ही लिहिलंय की ते एका कुशीवर झाले आणि हात मागे नेला. म्हणजे पाकीट उजव्या मागच्या खिशात, आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांचं असतं तसं. पिस्तूलही उजव्या कमरेला. लायसन्स काढायला जाणारा हात आणि पिस्तूल काढायला जाणारा हात खिडकीतून बघणाऱ्याला अगदी सारखे दिसतात, कोपर तसंच मागे जातं, खांदा तसाच वळतो. पाकीट डाव्या पुढच्या खिशात येऊ द्या. त्याहून बरं म्हणजे दोन्ही लायसन्स आणि इन्शुरन्सचा कागद एका पारदर्शक पाकिटात घालून समोरच्या सनव्हायझरला लावा. दोन डॉलरचं काम आहे. मी पाहिलेल्या व्हिडिओंपैकी काही प्रसंग एवढ्याने टळले असते असं मला मनापासून वाटतं.

यावर तुमचे मिस्टर म्हणतील, नीट वागलं की काही होत नाही. तसं मला खोटं सांगता येणार नाही. ६ जुलै २०१६ च्या संध्याकाळी मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या फाल्कन हाइट्समध्ये, फिलँडो कॅस्टील या ३२ वर्षांच्या माणसाची गाडी थांबवली होती. तो एका शाळेच्या कॅफेटेरियात काम करायचा. कारण सांगितलं तेही मागच्या दिव्याचंच. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. त्याच्याकडे पिस्तुलाचा परवाना होता आणि त्याने ऑफिसरला स्वतःहून, "सर" म्हणून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. ओळखपत्र त्याच्याकडे मागितलेलं होतंच. पुढच्या काही सेकंदांत ऑफिसरने सात गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी ज्यूरीने ऑफिसरला निर्दोष सोडलं. कॅस्टीलचं काहीही चुकलं नव्हतं, हे मी ठासून लिहिते. पण त्या दोघांच्या बोलण्यात "ओळखपत्र दाखव" आणि "हात नेऊ नकोस" या दोन गोष्टी एकमेकांवर आदळल्या आणि तिथे थांबून "आधी काय करू?" असं विचारायला वेळच उरला नाही. म्हणून मी म्हणते, एका वेळी एकच. बोलायचं तर हलायचं नाही. हलायचं तर आधी विचारायचं, त्याने "हो" म्हटल्यावर, आणि हळू, पाण्यातून हात न्यावा तसं. ही हमी नाही. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करणं आहे. आणि कॅस्टील कृष्णवर्णीय होता, हे बाजूला ठेवून ही गोष्ट सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. रात्रीच्या अंधारात, विजेरीच्या झोतात आपण त्या ऑफिसरला कोण दिसतो, याचा भरवसा आपणही धरू नये.

हे झालं गाडीचं. पण खरी जोखीम मला दुकानाची वाटते.

दुकानात पुन्हा कुणी शिरलं, तुमच्या मिस्टरांनी पिस्तूल काढलं, आणि देव करो, चोर पळाले. आता पोलीस येतील. त्यांना फोनवर एवढंच कळलेलं असेल: दुकानात पिस्तूलधारी माणूस. आणि दारातून आत येताना त्यांना दिसेल कोण? कोलोरॅडोत आर्वाडा या गावी २१ जून २०२१ रोजी एका बंदूकधाऱ्याने एका पोलिसाला ठार मारलं. जवळच्या दुकानातून जॉनी हर्ली नावाचा तरुण धावत बाहेर आला आणि स्वतःच्या पिस्तुलाने त्याने त्या मारेकऱ्याला गोळी घातली. किती जीव त्याने वाचवले असतील. मग त्याने मारेकऱ्याची रायफल उचलली, आणि तिथे पोचलेल्या दुसऱ्या पोलिसाने त्यालाच मारेकरी समजून गोळी घातली. तो गेला. म्हणून दुकानात धोका टळला की लगेच पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा खाली, हात रिकामे आणि वर. ९११ वर बोलणारी व्यक्ती तुम्ही असाल तर सांगा: मालकाकडे पिस्तूल आहे, त्याने निळा शर्ट घातलाय, काउंटरच्या मागे उभा आहे, लायसन्स आहे. कपड्यांचा रंग सांगायला विसरू नका.

डॅलसमध्येच ७ जुलै २०१६ ला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मोर्चात गोळीबार झाला, पाच पोलीस मारले गेले. त्या मोर्चात काही लोक कायद्याने मुभा असल्यामुळे खांद्याला रायफली लटकावून आले होते. त्यातल्या एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून सगळीकडे टाकला. त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो स्वतः पोलिसांकडे गेला, चौकशी होऊन सुटला, पण तेवढ्या वेळात त्याचा चेहरा देशभर फिरला होता. गोंधळात उघडं शस्त्र असलेला निर्दोष माणूस आणि गुन्हेगार यांच्यात बघणाऱ्याला फरक करता येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तुमच्या मिस्टरांनी पिस्तूल बाळगायचंच असेल तर झाकून बाळगावं. त्यांच्याकडे लायसन्स आहेच. होल्स्टर पँटच्या आत जाणारं घ्यायचं, वरून शर्ट बाहेर सोडायचा. संरक्षणात काही उणं पडत नाही. उलट दरोडेखोराला आधीच दिसलेलं पिस्तूल म्हणजे त्याने सर्वांत आधी कुणाकडे बघायचं ते आपणच दाखवून देणं. आणि तुमच्या दुकानात लहान मुलांना घेऊन कोथिंबीर-कढीपत्ता घ्यायला येणाऱ्या बायका आहेत. त्या बोलणार नाहीत, पण दुसरं दुकान शोधतील. एल पासोतल्या स्वतःच्याच दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये वॉलमार्टनेही गिऱ्हाइकांना उघड पिस्तूल आणू नका अशी विनंती केली, टेक्सासमध्येसुद्धा. अनेक दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये टेक्सासच्या दंडसंहितेतल्या ३०.०७ कलमाची पाटी असते, ती उघड पिस्तुलाला मनाई करते. ३०.०६ ची पाटी झाकलेल्याला. बारच्या दारावर लाल अक्षरात ५१% (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे प्यायच्या दारूची) असेल तर तिथे कुठलंच नाही. मंदिरानेही अशी पाटी लावली असेल तर ती पाळायची. शाळेच्या इमारतीत तर लायसन्स असलं तरी नाही. लायसन्स सोडून देऊ नका मात्र. राज्याला ते लागत नसलं तरी शाळेच्या हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे, आणि राज्याचं लायसन्स असलेल्याला तिथून सूट मिळते. लेकीला शाळेत सोडणाऱ्या बापाला हे माहीत हवं.

ग्रीन कार्डवर निवांत राहू नका. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं, आणि हे गुन्हे दरवेळी मोठेच असतात असं नाही. कधी काही तिकीट, केस, काहीही आलं तर "चला, दंड भरून टाकू" असं म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. गुन्हा कबूल केल्याने अशिलाला देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर ते फौजदारी वकिलाने सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय, पण आपण विचारलेलं बरं.

आता तुमचे सासरे. तुम्ही ही गोष्ट पत्राच्या शेवटी, कौतुकाच्या सुरात लिहिली आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या घरातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. नुसती टुरिस्टची गोष्ट नाही. एफ-१ वरचे विद्यार्थी, एच-१बी वर नोकरी करणारे, त्यांच्या एच-४ वरच्या बायका-नवरे, सगळे यात येतात. २०२२ पासून याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. शिकारीचं वैध लायसन्स असलेल्याला वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, स्वतःच्या अंदाजाने नाही. हे वाचणाऱ्या माझ्या सगळ्या भाचरांना सांगते, मित्राच्या पिस्तुलाबरोबर काढलेला फोटो म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करणं आहे.

बाबांनी यापुढे त्या पिस्तुलाला हात लावायचा नाही. गाडीत त्यांना एकटं आणि पिस्तूल कप्प्यात, असंही होऊ द्यायचं नाही. घरात ते तिजोरीत, आणि तिजोरीचा नंबर बाबांना माहीत नसावा. हे त्यांना त्यांच्या मुलाने सांगावं, तुम्ही नाही. सुनेने सांगितलं तर तो अपमान होईल, मुलाने सांगितलं तर ती काळजी होईल. पुढे पाठवायचं आजच थांबवा, पण घाबरून फोटो पुसत बसू नका. आधी वकिलाला विचारा, कारण पुसण्याचाही वेगळा अर्थ लागू शकतो.

बाबांबद्दल अजून एक. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी घरासमोर फिरत होते. शेजाऱ्याने "संशयित माणूस" म्हणून पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. "नो इंग्लिश, इंडिया" एवढं ते म्हणाले. एका ऑफिसरने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला जबर मार बसून त्यांचं अंग लुळं पडलं. त्यांच्याकडे काठीसुद्धा नव्हती. तुमच्या सासऱ्यांना सकाळी फिरायला जायची सवय असणारच. त्यांच्या खिशात इंग्रजीत एक कार्ड ठेवा: मी अमुकचा वडील आहे, मला इंग्रजी येत नाही, कृपया या नंबरला फोन करा. ते कार्ड वरच्या खिशात, आणि पोलिसाने सांगितल्याशिवाय तेही काढायचं नाही. हात उघडे ठेवून उभं राहायचं, मागे फिरायचं नाही, हे त्यांना अंगणात उभं करून शिकवा.

भारतात जाताना बॅगा मोकळ्या करून, उलट्या करून झटका. शूटिंग रेंजला नेलेलीच बॅग पुढे विमानात जाते आणि तिच्या अस्तरात एखादी गोळी राहून जाते. मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. पुढे कोर्ट ऐकून घेतं, पण तोपर्यंत सुट्टी गेलेली असते आणि पासपोर्टची काळजी लागलेली असते.

थांबवलं तेव्हा ऑफिसर वावगं वागला असं वाटलं, तर रस्त्यावर वाद नको. गाडीची झडती घेऊ का असं विचारलं तर शांतपणे "आय डोन्ट कन्सेंट टु अ सर्च" म्हणता येतं, आणि तरीही घेतली तर आडवं जायचं नाही. नाव, बॅज नंबर, वेळ, जागा घरी येऊन लिहून ठेवा. टेक्सासमध्ये पोलिसाविरुद्धची तक्रार लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते, ती सवडीने, वकिलाला दाखवून द्या. डॅशकॅम बसवून घ्या.

राहिली लेक. तिला "बाबा बरोबर होते" किंवा "बाबा चुकले" यातलं काहीच सांगू नका. तिनेही तो आवाज ऐकलाय. तिला तो काय होता ते सांगा, मी वर लिहिलंय तसं. अकरा वर्षांच्या मुलीला कळतं. तिला काम द्या: दिवे लागले की दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवायचे आणि आजोबांना हळूच मराठीत सांगायचं, "आबा, हात मांडीवर, हलू नका." काहीतरी करायला असलं की भीती जरा आवरते.

आणि येत्या रविवारी गॅरेजमध्ये गाडी उभी करा. पिस्तूल तिजोरीत ठेवा, त्याच्या जागी कमरेला मोबाइल अडकवा. मिस्टर ड्रायव्हरच्या सीटवर, बाबा शेजारी, लेक मागे. दिवे बंद करा आणि तुम्ही विजेरी घेऊन मागून चालत या. काचेवर झोत टाका, जरा दरडावून लायसन्स मागा, आणि तुमच्या मिस्टरांचा उजवा हात कुठे जातो ते बघा. पहिल्या खेपेला तो मागच्या खिशाकडेच जाईल. मग लेकीला ऑफिसर करा आणि पुन्हा सुरुवातीपासून.